कॅमेऱ्याचा धंदा: नफा डब्यात नाही, देखभालीत आहे

गेल्या काही महिन्यांत आपल्या भागातील तीन-चार तरुण दुकानी येऊन एकच प्रश्न विचारून गेले, "चाचा, कॅमेऱ्याची एजन्सी घेऊ का?" घरातले वायफाय कॅमेरे, दाराची व्हिडिओ बेल, मोबाईलवरून चालणारे दिवे यांना नाशिकमध्ये मागणी आहे, यात शंका नाही. पण माझी उमर कापडाच्या तिजारतीत गेली. तिथे शिकलेली गोष्ट या बंधूंना सांगतो.

नुसता डबा विकून पोट भरणार नाही. गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहूनच मोबाईलवर भाव पाहते. ऑनलाइनवाल्यांशी भावात आपण टिकत नाही. कापडातही हेच झाले. तरी मापाच्या कपड्याला शिंपी लागतोच. या धंद्यात जोडणी आणि देखभाल हीच शिलाई आहे.

माझाच अनुभव घ्या. दोन वर्षांपूर्वी रात्री माझ्या दुकानाचे शटर उचकटले. चार कॅमेरे होते, त्यांचे दिवेही लागत होते. रेकॉर्डिंग पाहायला गेलो तर हार्ड डिस्क कित्येक महिने बंद! बसवणारा पैसे घेऊन गेला तो परत फिरकला नाही. दर तीन महिन्यांनी येऊन कोणी तपासणी केली असती, तर मी त्याला खुशीने पैसे दिले असते.

म्हणून वार्षिक देखभालीचा करार करा. समजा, ५० गिऱ्हाइके आणि वर्षाला १,५०० रुपये, म्हणजे ७५,००० रुपयांची बांधलेली आवक. डबा एकदाच विकला जातो, करार दरवर्षी चालतो.

गिऱ्हाइकाला खरे सांगा. २ मेगाबिटच्या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम ११ दिवस पुरते, नंतर जुने चित्रण पुसले जाते. वीज गेली की वायफायही जाते, तेव्हा राउटरला छोटा बॅटरी बॅकअप द्या.

स्वस्त, बेनामी माल घेऊ नका. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-चाचणीचे नियम लागू आहेत. घाऊक विक्रेत्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. कापडावर जीएसटी ५ टक्के, कॅमेऱ्यावर १८ टक्के. पक्के बिल घ्या, पक्के बिल द्या.

माल भरून ठेवू नका. न खपलेला कापडाचा तागा पुढच्या ईदला निघतो, जुने मॉडेल निघत नाही. आगाऊ रक्कम घ्या, मग माल आणा. २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे लॉज, पार्किंगवाल्यांची कामे निघतील, पण मेळा उठल्यावरही चालेल असाच हिशेब मांडा. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागा, सातपूर-अंबडचे कारखाने बारा महिने आहेत.

आपल्यात वायरमन पुष्कळ आहेत, पण नेटवर्कचे काम जाणणारे थोडे. ते आधी शिका, नाहीतर हयातभर दुसऱ्याच्या हाताखाली शिडी धरावी लागेल.

शेवटचे. गिऱ्हाइकाच्या घरातले चित्र ही अमानत आहे. पासवर्ड त्याच्याच हाताने बदलवून घ्या, आपल्याजवळ ठेवू नका. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे वळवायला सांगितले तर साफ नकार द्या. एक काम गेले तरी चालेल. मोहल्ल्याचा भरोसा उडाला, तर दुकान उघडे ठेवून उपयोग नाही.