घोडे नेणारी मोटार

अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत, डेन्व्हर शहराजवळ राहणाऱ्या आपल्या कन्येच्या वतीनें एका वाचकभगिनींनीं प्रश्न पाठविला आहे. त्यांची नात अश्वारोहणांत तरबेज झाली असून घरीं दोन घोडे आले आहेत. त्यांना सामन्यांसाठीं व डोंगरांतील वाटांवर न्यावयाचें, तर मागें ट्रेलर जोडतां येईल अशी पिकअप मोटार हवी. विक्रेता म्हणतो, गाडी ११,००० पौंड ओढते. ट्रेलर व घोडे मिळून भरतात ६,००० पौंड. असें असतां जांवई पैसे देण्यास कां कचरतात, असें भगिनी विचारतात. आमच्या मतें जांवईबापूंची शंका अगदीं रास्त आहे.

प्रथम त्या ११,००० च्या आंकड्याकडे पाहूं. पूर्वीं प्रत्येक कारखानदार हा आंकडा आपापल्या मापानें काढी. पुढें मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें ‘जे २८०७’ नांवाची सामाईक कसोटी ठरविली, आणि टोयोटा कंपनीनें २०११ सालच्या गाड्यांपासून ती सर्वांआधीं मान्य केली. ॲरिझोना संस्थानांत डेव्हिस धरणाजवळ अकरा मैलांहून अधिक लांबीचा चढ आहे. भर उन्हाळ्याच्या उष्णतेंत, आंतील गारव्याचें यंत्र पूर्ण चालू ठेवून, भरलेला ट्रेलर मागें घेऊन तो ठराविक वेगानें चढावा लागतो. कसोटी कडक आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र तींत मोटारींत दोनच माणसें धरतात, आणि तींहि प्रत्येकीं १५० पौंडांचीं, म्हणजे ६८ किलोंचीं! चौघांच्या खात्यापित्या कुटुंबाला हें माप कसें पुरावें?

खरी गोम पुढेंच आहे. ट्रेलर मोटारीच्या मागून नुसता ओढला जात नाहीं. त्याचा कांहीं भार मोटारीवर बसतोहि. ज्यांनीं बैलगाडी पाहिली आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको. माल पुढें फार आला तर गाडी धुरजड होऊन बैलांच्या मानेवर भार येतो. मागें फार गेला तर ती उलाळ होते. ट्रेलरचें तसेंच आहे. त्याच्या एकूण वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या दांडीवर यावा लागतो. तो कमी पडला, तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हेलकावूं लागतो आणि शेवटीं मोटारीलाहि आडवी करतो. म्हणून हा भार टाळतां येत नाहीं. तो पेलणारी मोटारच घ्यावी लागते.

आतां भगिनींच्या घरचा हिशेब मांडूं. रिकामा ट्रेलर ३,४०० पौंड. प्रत्येकीं ११०० पौंडांचे दोन घोडे, म्हणजे २,२०० पौंड. पाणी, वैरण व खोगिरें ४०० पौंड. एकूण ६,०००. यांतील सुमारें ७५० पौंड दांडीवाटे मोटारीवर येतील. जोडणीच्या जड कड्याचे १००, घरच्या चार माणसांचे ५५०, मागच्या हौद्यांतील सामानाचे १५०, बेरीज १,५५०. आतां चालकाच्या बाजूचें दार उघडून चौकटीवरची चिठ्ठी वाचावी. माणसें व सामान मिळून ही विशिष्ट गाडी किती वजन अंगावर घेऊं शकते, तें तींत लिहिलेलें असतें. चार दारांच्या, सर्व सुखसोयींनीं सजविलेल्या ‘अर्धटनी’ गाडीवर हा आंकडा पुष्कळदां १,५०० च्या आसपास आढळतो. म्हणजे ओढण्याची ताकद निम्म्याहून थोडीच अधिक खर्ची पडली, आणि वाहण्याची मात्र संपून वर ५० पौंड चढले! त्यांत उन्हाळ्यांत आजी-आजोबा नातीचा सामना पाहण्यास गेले, तर आणखी ३०० पौंड. विक्रेता हा आंकडा आपण होऊन क्वचितच सांगतो. कित्येक गाड्यांत मागच्या कड्याची मर्यादाहि निराळी असते. वजन विभागणारी जोडणी नसेल तर ती फार खालीं येते.

शिवाय घोडा म्हणजे धान्याचें पोतें नव्हे. तो उभा असतो, त्याचें वजन उंचावर असतें, आणि वळणावर किंवा ब्रेक लागतांच तो पाय रोवून सांवरूं पाहतो. गाडीच्या प्रत्येक धक्क्याचें उत्तर तो आपल्या स्नायूंनीं देतो. मुक्कामीं थकून उतरलेला घोडा हा बहुधा हांकणाऱ्याच्या घाईचा पुरावा असतो. एकच घोडा न्यावयाचा असेल तर अमेरिकेंत त्याला डाव्या खणांत उभा करतात, कारण तेथें वाहनें उजवीकडून चालतात आणि रस्ता उजव्या कडेला उतरता असतो. दोन घोड्यांपैकीं जड असेल तोहि डावीकडेच.

कोलोरॅडोंत तर चढापेक्षां उताराचीच काळजी अधिक. डेन्व्हरहून पश्चिमेस जातांना आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो समुद्रसपाटीपासून सुमारें ११,००० फुटांवर आहे. त्यापुढें कित्येक मैल तीव्र उतार असून, ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं बाजूला खास चढते मार्ग बांधून ठेवलेले आहेत. खंडाळ्याचा घाट उतरलेल्यांना त्यांचें प्रयोजन सांगावयास नको. तेथें लांब चाकांतराची, जड अंगाची गाडी आणि खालच्या गियरमध्यें वेग आवरून धरणारें यंत्र हींच उपयोगीं पडतात. उंचीवर हवा विरळ असल्यामुळें साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति घटते. टर्बो बसविलेल्या इंजिनाची तितकी घटत नाहीं.

म्हणून आमचा सल्ला असा, कीं ट्रेलर आधीं ठरवावा आणि मोटार मागाहून. दोन घोडे, चार माणसें आणि असे घाट असतील, तर ‘पाऊणटनी’ म्हणतात त्या वर्गांतील गाडी पाहावी: फोर्डची एफ-२५०, शेव्हरलेची सिल्व्हराडो २५०० किंवा रॅम २५००. हीं टनांचीं नांवें जुन्या काळच्या वहनशक्तीवरून पडलेलीं आहेत. आज त्यांचा अर्थ शब्दशः घेऊं नये. डीझेल इंजिनाचा मोह अनेकांना पडतो. उतारावर तें खरोखर चांगलें. पण तें इंजिन स्वतःच जड असतें, आणि या वर्गांतील गाड्यांचें भरलें वजन पुष्कळदां १०,००० पौंडांवर बांधलेलें असल्यानें तितकें वहनवजन कमी होतें. तेथेंहि दारावरची चिठ्ठीच वाचावी. जुनी, पण नीट सांभाळलेली पाऊणटनी गाडी नव्या झगझगीत अर्धटनीपेक्षां आम्हांला केव्हांहि अधिक पसंत. आणि वर्षांतून चारच वेळां घोडे हलवावयाचे असतील, तर भाड्यानें नेणारा अनुभवी माणूस पाहावा. त्यांत कमीपणा कसला?

गाडी घेतल्यावर घोड्यांसह, घरच्या सर्व माणसांसह एकदां मालमोटारींच्या सार्वजनिक वजनकाट्यावर जावें. खर्च किरकोळ असतो, आणि कागदावरील हिशेब खरा कीं खोटा तें तेथें उमगतें. ट्रेलरचे विजेचे ब्रेक मोटारींतून चालविणारें नियंत्रक यंत्र बसवून घ्यावें. ट्रेलर चुकून सुटलाच, तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी एक बारीक तार असते. तिची बॅटरी निघण्यापूर्वीं दर वेळीं तपासावी, आणि ती तार जोडणीच्या गोळ्याला किंवा सांखळ्यांना न अडकवितां स्वतंत्रपणें मोटारीच्या सांगाड्याला अडकवावी. गोळाच निखळला, तर त्याला बांधलेली तार ताणली जाणार नाहीं, आणि ब्रेकहि लागणार नाहींत.