मातीचे कबूतर आणि वडिलांची बंदूक

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी माझा भाचा रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला आला आणि चहा व्हायच्या आत त्याने खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ‘‘मामा, इथे फक्त सही करा.’’ कागद नाहरकतीचा होता. माझे वडील २०२४ च्या उन्हाळ्यात नव्वदाव्या वर्षी गेले. त्यांची बारा बोअरची दुनळी तेव्हापासून परवानाधारक विक्रेत्याकडे जमा आहे. वारस मी आणि माझी बहीण. बहिणीची सही आधीच झालेली होती. मुलापुढे तिचे काही चालत नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

‘‘तुला बंदूक कशाला?’’

‘‘क्ले पिजन शूटिंग शिकायचंय.’’

भाचा चोवीस वर्षांचा, धाटावच्या कारखान्यात नोकरीला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचे स्कीटमधले कांस्यपदक एका गुणाने गेले. चीनची जोडी ४४, आपली ४३. त्याच्या चारच दिवस आधी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक आणले होते आणि घरोघर पेढे वाटले गेले होते. पण आमच्या या चिरंजीवांच्या मनात बसला तो हुकलेला एक गुण.

मी सही केली नाही. का केली नाही, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

१९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो. वडिलांकडे पीक संरक्षणाचा परवाना होता. रानडुकरांसाठी घेतलेली ती बंदूक हिवाळ्यात खारेपाटातल्या अडईंवर आणि पाणलाव्यांवर चाले. तेव्हा त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. वन्यजीव संरक्षण कायदा यायला अजून तीन वर्षे होती. पडलेला पक्षी चिखलातून आणायचे काम माझे. तो हातात ऊन लागे. एके दिवशी वडील दमून आले आणि बंदूक माजघराच्या कोपऱ्यात उभी करून आंघोळीला गेले. काडतूस काढायचे राहून गेले होते. मी ती उचलली, वडिलांसारखी खांद्याला लावायला गेलो आणि बार उडाला. छपराची सात-आठ कौले फुटून खाली आली. आई चुलीपाशी होती, तिथून ती चार हातांवर. तिने मला मारले नाही. नुसती बघत राहिली. मारले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

त्यामुळे बंदूक म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आधी कौले येतात. तरीही सांगतो, भाच्याच्या हौसेला माझा विरोध नाही. उलट मी स्वतः तो खेळ खेळून पाहिला आहे, आणि तो फार आवडला.

मुलगी इंग्लंडमध्ये असते. २०२२ साली तिच्याकडे गेलो असताना जावईबापूंनी वाढदिवसाची भेट म्हणून मला गावाबाहेरच्या एका मैदानावर नेले. तिथला कायदा असा आहे, की पोलिसांनी मान्य केलेल्या जागी आणि वेळी, कृत्रिम लक्ष्यांवर, परवाना नसलेल्या माणसालाही छऱ्याची बंदूक चालवता येते. बंदूक मैदानाची, काडतुसे मैदानाची, शिकवणारा शेजारी उभा. तासाभराने बंदूक परत द्यायची आणि घरी जायचे.

शिकवणाऱ्याने पहिली वीस मिनिटे बार काढूच दिला नाही. आधी डोळा तपासला. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबाकडे बोट दाखवायचे, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने पाहताना बोट खांबावरून हलत नाही, तो तुमचा म्होरक्या डोळा. मग उभे राहणे. भार पुढच्या पायावर, दस्ता खांद्याच्या खळगीत, गाल लाकडाला टेकलेला. कानांवर बोंडे, डोळ्यांवर चष्मा. आणि बारी येईपर्यंत बंदूक उघडी, म्हणजे बिजागरीवर मोडलेली, नळ्या रिकाम्या, सगळ्यांना दिसतील अशा. हे शेवटचे कलम ऐकताना मला पेणचे माजघर आठवले, हे सांगायला नकोच.

नंतर मी ‘पुल’ म्हणालो, यंत्रातून नारिंगी बशी सुटली, मी बार काढला आणि बशी आपल्या वाटेने निघून गेली. अशा नऊ बशा गेल्या. शिकवणारा म्हणाला, तुम्ही बशीवर नेम धरता, तीच चूक. हिशेब साधा आहे. बशी सेकंदाला वीस मीटर जात असेल आणि छऱ्यांना तिच्यापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तेवढ्यात ती दोन मीटर पुढे गेलेली असते. म्हणून नळी बशीच्या मागून आणायची, तिला ओलांडून पुढे न्यायची, चाप ओढायचा, आणि चाप ओढतानाही हात थांबवायचा नाही. नवशिक्याचा हात नेमका तिथेच थांबतो. दहावी बशी फुटली. धूर झाला, काळे तुकडे गवतावर पडले. उचलायला काही गेलो नाही. उचलण्याजोगे ऊन असे काही नव्हतेच.

हा खेळ मुळात शिकारीतूनच आला. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खरीखुरी कबुतरे उडवून मारली गेली. त्याच्याही आधी कुणी काचेचे गोळे उडवले, आणि १८८० साली अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की याने भाजलेल्या मातीची बशी काढली. आज तिच्यात माती नसते. चुनखडीची पूड आणि डांबरासारखा चिकट पदार्थ यांची ती साचातून काढतात. अकरा सेंटिमीटर रुंद, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. आमच्या आळीतल्या गणपतीच्या कारखान्यात मी हे सांगितले, तेव्हा मूर्तीवर हात फिरवणारा कारागीर म्हणाला, ‘‘नाव मातीचं आणि माती नाही? इथे सांगितलं असतं तर शाडूची करून दिली असती.’’

आपल्या देशात हा खेळ वाढला तोही शिकारीच्या वाटेनेच. बिकानेरचे महाराजा करणीसिंग १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदकाचे मानकरी ठरले. पॅरिसला गेलेले पृथ्वीराज तोंडैमान पुदुक्कोट्टईच्या राजघराण्यातले. मधल्या काळात सैन्यातल्या राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ साली अथेन्समध्ये डबल ट्रॅपचे रौप्य मिळवले आणि दरवाजा थोडा किलकिला झाला. महाराष्ट्र मात्र रायफल-पिस्तुलाचा प्रांत. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे शाळेतल्या पोरींनाही पाठ असतात. आपल्या रायगडात, पनवेलला, सुमा शिरूर मुले घडवत आल्या आहेत. छऱ्याच्या बंदुकीचा मराठी नेमबाज असाच कुणाला आठवतो का, ते वाचकांनी घरात विचारून पाहावे.

याला कारण पैसा आणि जागा. एअर रायफलचा सराव दहा मीटरच्या दालनात होतो, छरा स्वस्त असतो, खेळाच्या रायफलीला परवाना लागत नाही. इथे एका फेरीला पंचवीस बशा. ट्रॅपमध्ये प्राथमिक फेरीत एका बशीवर दोन बार काढता येतात, म्हणजे पन्नासपर्यंत काडतुसे. आणि उडालेले काडतूस म्हणजे उडालेला पैसा. शिवाय समोर काही शे मीटर मोकळी, माणसाविना जमीन हवी. ती खारेपाटात मिळेल असे कुणी सुचवील, तर त्याला माझा आताच नकार. शिशाचे छरे चिखलात पडतात, पाणपक्षी ते खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. पक्षी वाचवण्यासाठी बशी आणली आणि तिच्याच छऱ्यांनी पक्षी मारले, असे व्हायचे. डोंगरांच्या पायथ्याच्या बंद पडलेल्या दगडखाणींचा विचार व्हावा. तिथे मागे कडा असतो, आणि सुरक्षेचे नियम पाळून पडलेले शिसे गोळाही करता येईल.

पण रेंजच्या आधी बंदुकीची भानगड सुटली पाहिजे, आणि माझे म्हणणे तेवढेच आहे. शिकणाऱ्याला बंदूक चालवायची असते, बाळगायची नसते. आपल्याकडे गोष्ट उलट सुरू होते: आधी परवाना, मग बंदूक, मग खेळ. यातले तिसरे बहुतेकांना जमत नाही आणि पहिली दोन घरात राहतात. कोकणात रात्री रानडुक्कर समजून सोबत्यावरच बार काढल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच घरांतल्या. मान्यताप्राप्त क्लबला सरावासाठी शस्त्रे ठेवण्याची तरतूद आपल्या कायद्यातही आहे. जिल्ह्यात असा एक क्लब, दोन बंदुका, एक यंत्र आणि एक जाणता शिक्षक असला, तर रोह्याचा कामगार आणि डोंगरातल्या वाडीवरचा कातकरी पोरगाही तिथे उभा राहील. उडत्या गोष्टीच्या पुढे नेम धरायचा असतो, हे गलोल वापरणाऱ्या त्या पोराला कुणी शिकवायला नको. फणसाडचे जंगल जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान होते, १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथल्या बंदुका गेल्या, ते उत्तम झाले. पण बंदुकीबरोबर नजर आणि हातही गेलेच पाहिजेत, असे थोडेच आहे?

भाच्याला हे सारे पटले असे नाही. ‘‘क्लब होईपर्यंत मी म्हातारा होईन,’’ तो म्हणाला. त्यात तथ्य आहे, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हते. तोवर पनवेलला जाऊन एअर रायफल धर, उभे राहणे आणि श्वास तरी शिक, एवढे मी सुचवले. त्याने नाक मुरडले, पण चौकशी करतो म्हणाला.

नाहरकतीचा कागद माझ्या कपाटात आहे. फाडलेला नाही.

दुपारी पाऊस उघडला तेव्हा कारागिराने खरोखरच करून दिलेल्या शाडूच्या पाच-सहा बशा घेऊन आम्ही खारबंदिस्तीच्या बांधावर गेलो. मी फेकायचे आणि त्याने छत्री खांद्याला लावून मागून पुढे न्यायची. ‘‘पुल’’ म्हणताना त्याला लाज वाटत होती, कारण बांधावर दोघे जाळी घेऊन बसले होते. पहिल्या बशीला छत्री थांबली. दुसऱ्या बशीलाही थांबली. तिसरीला ती बशीच्या पुढे गेली आणि चिखलात बशी ‘चप्प’ वाजेपर्यंत जातच राहिली. मग तो म्हणाला, ‘‘मामा, आता मी फेकतो, तुम्ही उभे राहा.’’