काठी कोणाच्या हातीं ?

शेत कसणारास आपल्या शेताचा बांध, उतार, पाणथळ जागा अंधारांतहि ओळखतां येते. परंतु तेंच शेत कागदावर आलें कीं तो परका होतो. कागदावर माती नसते, आंकडा असतो. आणि तो आंकडा कोणत्या मापाचा हें ज्यास कळत नाहीं, त्याचें शेत दुसऱ्याच्या जिभेवर राहतें. म्हणून आज आम्ही आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींशीं बिघा, एकर आणि हेक्टर यांविषयीं दोन रोखठोक गोष्टी बोलणार आहों.

जुन्या काळीं मोजणी काठीनें होई. पांच हात व पांच मुठी म्हणजे एक काठी. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा. एकशेंवीस बिघ्यांचा एक चावर. शिवशाहींतील मोजणीचें हें माप सभासदाच्या बखरींत नोंदलें आहे. हिशेब सरळ आहे, पण खोच त्या हातांत आहे. हात कोणाचा ? मूठ केवढी ? काठी नऊ फूट धरली तर बिघा 32,400 चौरस फुटांचा, म्हणजे पावणेतीस गुंठ्यांचा होतो. तीच साडेनऊ फूट धरली तर 36,100 चौरस फूट, म्हणजे तेहतीस गुंठ्यांहून अधिक. काठींत फरक अर्ध्या फुटाचा. पण एका चावरामागें तो दहा एकरांचा होतो! वंगदेशींचा बिघा तर 14,400 चौरस फुटांचाच. तेव्हां घरांत बलुत्याच्या इनामाचा किंवा वाटणीचा जुना मोडी कागद असेल आणि कोणी दीडशहाणा "बिघा म्हणजे इतके एकर" असें ठोकून सांगेल, तर त्याला आधीं विचारावें : कोठला बिघा, आणि कोणती काठी ?

पुढें इंग्रजी अमलांत 1836 च्या सुमारास इंदापुराकडून गोल्डस्मिड व विंगेट या साहेबांनीं नवी मोजणी चालविली. सारा बसवितांना रयतेचें किती हित पाहिलें गेलें हा वाद निराळा. पण माप मात्र एक झालें. तेहतीस फुटांची सांखळी, तिचे सोळा आणे. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद तो गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हें माप आमच्या लोकांच्या तोंडीं इतकें बसलें कीं सोयरीक जुळवितांनाहि मुलाची जमीन एकर-गुंठ्यांतच विचारतात.

मग 1956 सालीं मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि कालांतरानें सातबारावर हेक्टर व आर आले. एक हेक्टर म्हणजे शंभर आर. येथेंच खरा खड्डा आहे. समजा, उताऱ्यावर 1.20 असा आंकडा आहे. तो हेक्टर-आरचा असेल तर शेत दोन एकर साडेअडतीस गुंठे भरतें. कोणी तो एक एकर वीस गुंठे असा वाचला, तर एक एकर साडेअठरा गुंठ्यांवर पाणी पडलें. आणि कोणी तो दशांश एकर म्हणून वाचला, तर हातीं एक एकर आठ गुंठेच राहिले. आंकडा एक, शेतें तीन ! भावाभावांची वाटणी, सौदापत्र, गहाण, मोबदला, सारें या एका टिंबावर लटकतें. अंगठा उठला म्हणजे मग कपाळ बडवून काय उपयोग ?

यावर तोड अगदीं सोपी आहे. आर आणि गुंठा हे जवळजवळ जुळे भाऊ आहेत. गुंठा सुमारें साडेबारा चौरस फुटांनीं थोरला, इतकेंच. म्हणून हेक्टर-आरच्या आंकड्यांतील टिंब काढावें, 1.20 चे 120 आर समजावे आणि त्यांस चाळीसांनीं भागावें. तीन एकर आले. त्यांतून हेक्टरामागें सव्वा गुंठा कमी धरावा. बाजाराच्या दिवशीं तूरडाळीचा हिशेब करणाऱ्या आमच्या माउलींना हें गणित जड नाहीं.

आमचें मागणें दोन प्रकारचें आहे. सरकारनें उताऱ्यावर हेक्टर-आरशेजारीं एकर-गुंठेहि छापावे. कायदेशीर माप एकच राहो, पण मालकास आपली मिळकत वाचतां आली पाहिजे. आणि शाळेंत पाठ्यपुस्तकांतल्या चौकोनाबरोबर गांवचें शेत मोजावें. सुताराची फीत घ्यावी, तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद दोरी ताणावी आणि पोरांना त्या गुंठ्याभोवतीं फिरवून आणावें. ज्यानें गुंठा पायांनीं पाहिला, त्याला तो कागदावर कोणी चोरून दाखवूं शकत नाहीं.

अविद्येनें शेतकरी कसा नागवला जातो हें जोतीराव फुल्यांनीं 1883 सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत परखडपणें मांडलें. आज काठी गेली, सांखळी गेली, यंत्रें आलीं. पण आंकडा वाचणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा, ही रीत जोंवर टिकेल तोंवर नागवणूकहि टिकेल. तेव्हां बंधूंनो, आज सांजेला दिवेलागणीस घरचा उतारा काढा. शेजारीं शिकती लेक बसवा. टिंब काढा, चाळीसांनीं भागा, आणि आपलें शेत आपल्या तोंडानें वाचा. सही त्यानंतर.