परक्यांच्या कपाटातील हिंदुस्थान

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आली. तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी! प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली गेली ती हीच काय, याची ग्वाही ते संग्रहालयही देत नाही आणि इतिहास संशोधकांतही त्याविषयी मतभेद आहेत. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. लक्ष वेधून घेते ती त्यांच्या पेटीवरील इंग्रजी नोंद. शिवरायांनी या शस्त्राने मोगल सेनापतीला ठार केले, असे ती सांगते. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे महाराष्ट्रातील शाळकरी मूलही सांगेल. वस्तू आपली, पराक्रम आपला. नोंद मात्र परक्याची, आणि तीही चुकीची.

हा एका पेटीपुरता प्रमाद असता, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या साउथ केन्सिंग्टन परिसरात हे संग्रहालय आहे, तेथेच साम्राज्याने एकेकाळी सगळा हिंदुस्थान कपाटात मांडून ठेवला होता. ४ मे १८८६ रोजी तेथे वसाहतींचे आणि हिंदुस्थानचे भव्य प्रदर्शन उघडले. सुमारे पंचावन्न लाख लोकांनी ते पाहिले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून आलेले कोरीव दगडी प्रवेशद्वार तेथे उभारले होते. आत हिंदी कारागीर विणकाम, कुंभारकाम करताना दाखवले जात. हे आपल्या खेड्यांतील पिढीजात कारागीर, असा प्रेक्षकांचा समज होई. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगात हस्तकला शिकलेले होते आणि त्यांना लंडनला नेणारा गृहस्थ त्या तुरुंगाचाच अधीक्षक होता! प्रदर्शनाच्या कामासाठी गेलेल्या त्रैलोक्यनाथ मुखर्जींसारख्या विद्वान अधिकाऱ्याकडेही लोक प्रदर्शनातील वस्तूकडे पाहावे तसे टक लावून पाहत. १८८९ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी ते नमूद करून ठेवले आहे.

या प्रदर्शनाला कायमचे घर मिळाले ते इंपीरियल इन्स्टिट्यूटच्या रूपाने. राणी व्हिक्टोरियाने ४ जुलै १८८७ रोजी तिची कोनशिला बसवली आणि १० मे १८९३ रोजी उद्घाटन केले. मीरतच्या छावणीत १८५७ चा वणवा पेटला तोही १० मेच! पुढे सावरकरांनी लंडनमध्येच ज्या तिथीचा उत्सव मांडला, त्याच तिथीला साम्राज्याने आपल्या वैभवाचे दालन उघडावे, हा योगायोग बोलका आहे.

या दालनांचा हेतू केवळ डोळे दिपवण्याचा नव्हता. त्याची पूर्वपीठिका १८६६ मध्ये सापडते. त्या वर्षी फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने हिंदी वस्त्रांचे सातशे नमुने कापून अठरा खंडांत चिकटवले. असे वीस संच तयार झाले. त्यांतील तेरा ब्रिटनमधील औद्योगिक केंद्रांसाठी राखले गेले आणि ज्या देशाच्या विणकरांचे हे कसब, त्या देशाच्या वाट्याला सात आले. आपले धोतर, लुगडे, पागोटे यांची लांबी-रुंदी, काठ आणि रंग यांचा अभ्यास करून यंत्रमागावर तसाच माल काढावा आणि तो आपल्यालाच विकावा, हा त्यातील व्यवहार होता. इंपीरियल इन्स्टिट्यूटने तीच परंपरा पुढे चालवली. वसाहतींतील कच्च्या मालाचे नमुने तेथे मांडले जात, प्रयोगशाळेत तपासले जात आणि त्यांचा उपयोग उद्योजकांना सांगितला जाई. या मांडणीत हिंदुस्थानचे स्थान ठरलेले होते. त्याने कच्चा माल पुरवावा आणि पक्का माल विकत घ्यावा.

या दालनांना हिंदी धनिकांचाही हातभार लागला, हे विसरता येत नाही. मुंबईचे सर मंचरजी भावनगरी यांनी आपल्या भगिनीच्या स्मरणार्थ तेथील एक सज्जा उभारून दिला. मुंबईच्याच जहांगीर घराण्याचे नाव तेथील एका सभागृहाला मिळाले. आज त्यांच्या हेतूंवर संशय घेणे उचित नाही. भावनगरींनी हिंदुस्थानात तांत्रिक शिक्षण वाढावे यासाठी आणि दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या हक्कांसाठी आवाज उठवला होता. परंतु परक्याच्या घरात मानाची जागा मिळाली, तरी घर परक्याचेच राहते.

त्याच जहांगीर सभागृहात १ जुलै १९०९ च्या रात्री मदनलाल धिंग्रा या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने सर कर्झन वायली याच्यावर गोळ्या झाडल्या. मध्ये पडलेले डॉ. लालकाका हेही त्यात मृत्युमुखी पडले. ५ जुलैच्या कॅक्स्टन हॉलमधील निषेधसभेत ठराव एकमताने संमत झाल्याचे जाहीर होताच सावरकरांनी उभे राहून आपला विरोध नोंदवला. १७ ऑगस्टला धिंग्रा फासावर गेले. त्या कृत्याविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही असू शकतात. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. कपाटांत मुकाट बसवलेल्या हिंदुस्थानाखेरीज दुसरा एक हिंदुस्थान अस्तित्वात आहे आणि त्याची नोंद साम्राज्याच्या सूचीत नाही, हे त्या रात्री जगाला कळले.

पुढे ती वास्तू पाडली गेली. इंपीरियल कॉलेजच्या आवारात तिचा एक मनोरा तेवढा उरला आहे. साम्राज्यही मावळले. टिकून राहिली ती नोंद. आपली मूर्ती म्हणजे 'हस्तकला' आणि त्यांची मूर्ती म्हणजे 'कला', ही त्या काळची विभागणी आपल्याही बोलण्यात नकळत डोकावते. परदेशी लिलावात वस्तू निघाली की तिचे मोल आपल्याला समजते. गावाच्या वेशीवर उन्हापावसात झिजणारी वीरगळ मात्र दिसत नाही.

यावरचा उपाय महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिला आहे. धिंग्रांच्या हौतात्म्याला वर्ष होते न होते तोच, जुलै १९१० मध्ये, पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. राजवाड्यांजवळ राणीची कोनशिला नव्हती आणि साम्राज्याचा खजिनाही नव्हता. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली. ग्रँट डफचे शब्द अंतिम नाहीत, हे त्यांनी अस्सल कागद पुढे ठेवून सिद्ध केले.

नेलेल्या वस्तू परत याव्यात, ही मागणी न्याय्यच आहे आणि ती नेटाने लावून धरली पाहिजे. परंतु वस्तू परत आली आणि तिच्यावरील नोंद आपण लिहिली नाही, तर अर्धेच काम झाले. घरातील मोडी दप्तर वाळवीच्या तोंडी न देता संशोधन संस्थेच्या हाती द्यावे. गावातील वीरगळ, शिलालेख, जुनी मंदिरे यांची छायाचित्रांसह नोंद करावी. निदान एका तरुणाने मोडी शिकावी. शाखा, मंडळ, वाचनालय अशा कोणत्याही ठिकाणाहून हे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जो समाज आपली नोंद स्वतः ठेवत नाही, त्याची नोंद दुसरा कोणीतरी ठेवतो, आणि मग पिढ्यान् पिढ्या ती खोडत बसावे लागते.