दंड कोणाचा, दाद कोणाची?

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत आणि बियाणे कंपन्यांत येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन धावणारी प्रत्येक मोटार चालवणाऱ्याच्या मालकीची असते असे नाही. कित्येक मोटारी लीजवर घेतलेल्या असतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि या मोटारींना मुंबई जवळ आली. तेथील मॉलचे खासगी वाहनतळही जवळ आले. समजा, अशा वाहनतळावर चिठ्ठी हरवली किंवा वेळ उलटली. ठेकेदार 'दंडा'ची मागणी नोंदणीकृत मालकाकडे, म्हणजे लीज देणाऱ्या कंपनीकडे, पाठवतो. कंपनी ती मुकाट्याने भरते, चालकाच्या अनामतीतून कापून घेते आणि वर 'प्रक्रिया शुल्क' लावते. ज्याच्या खिशाला चाट बसते त्याला मागणीचा कागदही दिसत नाही. मग त्याने हरकत घ्यायची कशावर?

मुळात खासगी ठेकेदाराला दंड करण्याचा अधिकार दिला कोणी? दंड करणे ही शासनसंस्थेची सत्ता आहे. ठेकेदार फार तर करारभंगाची भरपाई मागू शकतो, आणि १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ त्यालाही मर्यादा घालते. करारात आकडा छापलेला असला, तरी त्या आकड्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये याही पुढे जाऊन मॉलना वाहनतळाचे शुल्क आकारण्याचाच अधिकार नाही असा निर्णय दिला. महाराष्ट्रावर तो बंधनकारक नसला, तरी बांधकामाची परवानगी मिळवण्यासाठी जो वाहनतळ दाखवावाच लागतो, त्याचे दुकान मांडावे काय, हा प्रश्न आपल्याकडेही विचारावा लागेल.

लीजच्या मोटारीत आणखी एक गोम आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) अन्वये लीज-करारावरील वाहनाचा 'मालक' म्हणजे त्या करारान्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो. म्हणजे जबाबदारीच्या वेळी चालक मालक, आणि तक्रारीच्या वेळी तोच त्रयस्थ! इंग्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने निदान एवढे केले की, भाड्याच्या मोटारीची मागणी वापरणाऱ्यावर वळवायची तर कराराची प्रत आणि त्याने सही केलेले जबाबदारीचे निवेदन त्याच्या हाती पडलेच पाहिजे. तेथे सारे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. दोन तासांच्या मोफत वाहनतळावर जवळजवळ तासभर अधिक थांबलेल्या माणसाकडून मागितलेले ८५ पौंड तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये योग्यच ठरवले. पण त्या माणसाला आपले म्हणणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेता तरी आले.

आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. केवळ उपजीविकेसाठी स्वतः मोटार चालवणारा त्यान्वये ग्राहक ठरू शकतो. तो जालन्यात राहत असेल, तर कंपनीचे कार्यालय कोठेही असो, तक्रार जालन्याच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. परंतु नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार 'अनुचित' आहे असे म्हणायचे झाले, की जिल्हा आयोगाचे हात बांधले जातात. ती तक्रार राज्य आयोगानेच ऐकायची, अशी या कायद्याची रचना आहे. काही शे रुपयांच्या कपातीसाठी रोजी बुडवून तेथवर कोण जाणार? कंपन्यांचा सारा हिशेब याच गृहीतावर उभा असतो. एकेकाचे नुकसान क्षुल्लक, वसुली करणाऱ्याची बेरीज मात्र भरघोस.

सबब, अनुचित करारांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगालाही मिळाला पाहिजे. मागणीची प्रत दिल्यावाचून आणि हरकतीला पंधरा दिवस दिल्यावाचून अनामतीला हात लावता येणार नाही, असे कलम लीज-करारात सक्तीचे करावे, आणि तो करार मराठीत असावा. कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी गाडीतळावर जाऊन चालकांचे करार वाचून दाखवावेत आणि प्रत्येक कपातीचा तपशील कंपनीकडे लेखी मागवावा. तक्रारीची मुदत, कारण घडल्यापासून, दोन वर्षांची आहे.