‘बायकी’ हें दूषण कां?

कांहीं शब्द असे असतात कीं, ते बोलणाराच्या तोंडांतून सहज निघतात आणि ऐकणाराच्या मनांत वर्षानुवर्षें सलत राहतात. ‘बायक्या’ हा त्यांपैकींच एक होय. एखाद्या मुलाचा आवाज मृदु असला, त्याला चेंडूपेक्षां रांगोळी अधिक आवडली, कीं वर्गांत, मैदानावर, आणि दुःखाची गोष्ट ही कीं कधीं कधीं घरांतहि, हा शब्द त्याच्यावर फेकला जातो. उलट, जी मुलगी झाडावर चढते ती ‘पुरुषी’ ठरते. हें दूषण न्याय्य आहे काय, याचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

स्त्रीपुरुषांची राहणी निसर्गानेंच कायमची ठरवून दिली आहे, असें अनेकांस वाटतें. त्यांनीं आपल्या मावळांतील बेडशाचीं लेणीं एकवार लक्षपूर्वक पाहावीं. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांवर हत्तीघोड्यांवर आरूढ झालेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं कोरलेलीं आहेत. अलंकार दोघांच्याहि अंगावर आहेत. दागिना हें केवळ स्त्रीचें लक्षण, हा नियम त्या कारागिरांस ठाऊक नव्हता. तेथीलच पाण्याच्या टाक्यावरील शिलालेख सामडिनिका नांवाच्या महारथिनीच्या दानाचा आहे. पित्याचा व पतीचा उल्लेख त्यांत आहे. परंतु दान तिचें, आणि दात्री म्हणून नांवहि तिचेंच.

आतां अलीकडील उदाहरण घेऊं. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांनीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. त्यांचें लुगडें नेसणें व केशरचना पाहून कुलीन घरांतील स्त्रिया तशी राहणी उचलीत. १९६४ सालीं सरकारनें त्यांना पद्मभूषण देऊन गौरविलें. ज्या महाराष्ट्रानें त्यांस डोक्यावर घेतलें, तोच महाराष्ट्र मृदु चालीच्या मुलाची टवाळी करतो! रंगभूमीवर जें वंद्य, तें शाळेच्या आवारांत निंद्य कसें? आपण तर विठोबासारख्या पुरुषदेवतेसहि ‘माउली’ म्हणून हांक मारतों.

कोणी म्हणेल कीं, तो अभिनय होता. पडदा पडला कीं तो संपे. हें खरें. परंतु मार्दव व लालित्य पुरुषाच्या ठायींहि शोभतात, एवढें तर त्या अभिनयानें सिद्ध केलें कीं नाहीं? शिवाय, ‘बायकी’ ही शिवी होऊं शकते ती बाई असणें हें हीन मानलें जातें म्हणूनच. तेव्हां हा एक शब्द दोघांस लागतो : ज्याला उद्देशून उच्चारला त्या मुलास, आणि शेजारीं उभी राहून ऐकणाऱ्या त्याच्या बहिणीस.

प्रत्येक मृदु मुलगा किंवा धीट मुलगी निराळ्या वर्गांत मोडते, असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि कांहींजणांस आपण स्त्री कीं पुरुष याची अंतरींची जाणीव देहाहून खरोखरच भिन्न असते. अशांपैकीं अनेकांस उपहासापायीं घर आणि शाळा सोडावी लागली, व पुढें भिक्षेवांचून मार्ग उरला नाहीं. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथी व्यक्तींस तृतीय लिंग म्हणून मान्यता दिली आणि आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क त्यांचा आहे असा निर्णय दिला. २०१९ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थांत त्यांच्याविषयीं भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु मधल्या सुटींतील हंसें कोणताहि कायदा थांबवूं शकत नाहीं. तें थांबविणें आपल्याच हातीं आहे.

‘लोक काय म्हणतील’ ही पालकांची चिंता आम्ही जाणतों. १८४८ सालीं पुण्यांत सावित्रीबाई फुले मुलींस शिकवूं लागल्या तेव्हांहि लोकांनीं पुष्कळ म्हटलें, शेणमातीहि फेंकली. आज त्याच लोकांच्या पणत्या पदवीधर आहेत. लोक बोलतात आणि विसरतात. मूल मात्र विसरत नाहीं. म्हणून, पालकहो, बाहेर कोणी कांहींहि म्हणो, घरांत तरी त्यास हा शब्द ऐकूं येऊं नये. आणि विद्यार्थ्यांनो, पुढील खेपेस वर्गांत कोणी तो उच्चारला तर हंसूं नका. हंसणारे नसले म्हणजे टवाळखोराचा धंदा आपोआप बसतो.