जाहीर आवाहन : घरात किडनीचा रुग्ण असेल, तर सासरी गेलेल्या लेकींनाही तपासा

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बंधू-भगिनींनो,

घरातल्या कुणाचं डायलिसिस सुरू झालं की आपण पैशांची जुळवाजुळव करतो, गाडी ठरवतो. पण किडनी कशामुळे गेली, हे विचारायचं राहून जातं. ते कारण ‘पॉलिसिस्टिक किडनी’, म्हणजे दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी, असेल तर तो प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही. मोठेपणी त्रास देणारा हा आजार बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून येतो आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. अनेकांना तिशी-चाळिशीपर्यंत काहीच जाणवत नाही. बीपी मात्र आधीच वाढू लागतं.

अशा कुटुंबांना विनंती :

१. रुग्णाची फाइल काढा. आजार आनुवंशिक आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

२. असल्यास आईवडील, सख्खी भावंडं आणि सज्ञान मुलं यांचं बीपी, लघवी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. लहान मुलांचं बीपी मोजत राहा. सोनोग्राफीचं डॉक्टर ठरवतील.

३. तिशीच्या आत सोनोग्राफी चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका. पुन्हा कधी करायची, ते विचारून ठेवा.

४. भावाला किडनी द्यायला निघालेल्या बहिणीने आधी स्वतःला हा आजार नाही, याची पक्की खात्री करून घ्यावी.

रावेरची लेक शिरपूरला दिली, की ती या यादीतून हमखास सुटते. तिचा धोका भावाइतकाच असतो आणि तिच्या मुलांनाही तो पोचू शकतो. आखाजीला माहेरवाशिणी येतात, तेव्हाच सगळ्यांनी मिळून तपासणीचा दिवस ठरवा.

सोयरीक मोडेल म्हणून रिपोर्ट लपवू नका. गाठी घालवणारं औषध आज नाही. पण बीपी ताब्यात ठेवणं, मीठ आणि पापड-लोणचं कमी करणं, मनाने वेदनाशामक गोळ्या न घेणं, यामुळे किडनीला जपता येतं. त्यासाठी आजार वेळेत कळायला हवा.

बीपी व लघवीची तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात करून घ्या. पुढच्या तपासण्यांसाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे चौकशी करा. जाताना रुग्णाच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या. तीच प्रत सासरी असलेल्या लेकीलाही पाठवा.